किनाऱ्याचं इंजिनिअरिंग आणि दर्याचा कायदा : दोन्ही शिकलेलं एक तरी पोर आपलं हवं



३१ जुलैला बंदी संपली, होड्या परत दर्यात गेल्या. आता काही दिवस आपल्या पेजवर बांगडा, डिझेल आणि बर्फ सोडून दुसरा विषय चालत नाही हे आम्हाला ठाऊक आहे. तरी आज जरा लांबलचक लिहितोय. वेळ काढून वाचा, आणि घरात अकरावी-बारावीला कोणी असेल तर त्याच्याही हातात मोबाईल द्या. एरवी तो त्याच्याच हातात असतो म्हणा.

कारण असं की सप्टेंबरच्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या नोटिशीत सातवा विषय आहे : शिक्षण निधीचा वापर. नोटीस निघाली त्याच रात्री ग्रुपवर भडका उडाला. "सगळ्यांचे पैसे एका पोराच्या बोडक्यावर ओतणार काय?" असं एका सभासदानं लिहिलं, आणि त्याला बरेच अंगठे मिळाले. प्रश्न चुकीचा नाही. पण उत्तर चार ओळींत देता येत नाही, म्हणून इथे देतोय.

सध्या काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. दहावी-बारावी पास झालेल्या प्रत्येक मुलाला सभेत बोलावतो, एक फाईल, एक छत्री, एक पाकीट. फोटो निघतो, टाळ्या होतात, आई-बाप खूश होतात. हे बंद करायचं कोणाच्याही मनात नाही. पण पाकिटातल्या रकमेत आजकाल कॉलेजचा फॉर्म आणि बसचा पास यांच्या पुढे काही भागत नाही. दरवर्षी निधी संपतो आणि त्यातून उभं काय राहिलं म्हणाल तर भिंतीवरचे फोटो. समितीचं म्हणणं एवढंच आहे : छत्री आणि फाईल राहू दे, पण निधीचा मोठा भाग पुढची पाच वर्षं एका विद्यार्थ्याच्या किंवा विद्यार्थिनीच्या मागे उभा करूया, जो किनारा अभियांत्रिकी आणि सागरी धोरण असं दुहेरी शिक्षण घेईल.

आता हे काय प्रकरण आहे?

आधी नावांचा घोळ सोडवूया, कारण या नावांनी आपली पोरं फसतात. मरीन इंजिनिअरिंग म्हणजे जहाजाचं इंजिन सांभाळणं. ते शिकून पोरगा बोटीवर जातो, सहा-आठ महिने घराबाहेर असतो, चांगला पगार आणतो. नेव्हल आर्किटेक्चर म्हणजे जहाजाची रचना. ओशनोग्राफी म्हणजे समुद्राचं शास्त्र, प्रवाह, खारटपणा, तळाचा गाळ, जे दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत १९६६ पासून चालतं. फिशरीज म्हणजे मासळीचं शास्त्र, त्यासाठी रत्नागिरीला शिरगावचं मत्स्य महाविद्यालय आहे. ही सगळी शिक्षणं चांगली आहेत. पण आपल्या जेटीसमोर रेती का साठते, नदीच्या तोंडावर दगडी बांध घातला तर शेजारच्या वाड्याचं काय होईल, लाट अडवायची असेल तर दगड किती टनांचा हवा, ही कामं किनारा अभियांत्रिकीची. ती सिव्हिलची एक शाखा आहे. आणि तो बांध घालायचा की नाही, कोणाला विचारून घालायचा, कुठल्या रेषेच्या आत काय बांधता येतं, मच्छीमाराचा हक्क कुठे लिहिलेला आहे, हे झालं सागरी आणि किनारी धोरण. आपल्या आयुष्यात या दोन गोष्टी रोज एकत्र येतात. शिक्षणात आणि सरकारात त्या दोन वेगळ्या इमारतींत बसतात.

रेतीचंच घ्या, कारण ती आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांत गेलेली आहे.

लाट किनाऱ्याला तिरकी लागते. ती फुटली की रेती उचलते आणि थोडी बाजूला सरकवते. अशी रेती किनाऱ्यानं चालत असते, कधी उत्तरेला, कधी दक्षिणेला, मोसमाप्रमाणे. तिच्या वाटेत दगडी बांध आडवा घातला की एका बाजूला ती साठते आणि दुसऱ्या बाजूला उपाशी किनारा खचायला लागतो. चेन्नईचं उदाहरण दीडशे वर्षांचं आहे. १८७० च्या दशकात तिथे बंदराचे बांध घालायला घेतले. पूर्व किनाऱ्यावर रेती वर्षाच्या हिशेबात जास्त करून उत्तरेला जाते. बंदराच्या दक्षिणेला ती साठत गेली आणि मरीना बीच रुंद रुंद होत गेला, जिथे आज लोक फिरायला जातात. उत्तरेला रायपुरम, मच्छीमारांची वस्ती. तिथला किनारा समुद्रानं खाल्ला आणि शेवटी दगड टाकून तो थोपवावा लागला. एकाच बांधानं एका बाजूला चौपाटी दिली आणि दुसऱ्या बाजूची होडी ओढायची जागा नेली. पुदुच्चेरीतही १९८० च्या दशकात बंदराच्या बांधांनंतर शहरासमोरचा रेतीचा किनारा गेला, आणि तो थोडाफार परत आणायला २०१८ पर्यंत थांबून पाण्याखाली कृत्रिम रीफ घालावा लागला.

आपला गोव्याचा किनारा त्यांच्यासारखा सरळसोट नाही. आपल्याकडे डोंगराची टोकं पाण्यात घुसलेली, मधे मधे वेळा आणि नद्यांची तोंडं. रेती इथे पिशवीत ठेवल्यासारखी त्या-त्या बाकात फिरते. म्हणून चेन्नईचा नकाशा उचलून इथे चिकटवता येत नाही. प्रत्येक तोंड वेगळं वाचावं लागतं.

आणि नदीच्या तोंडाची गोष्ट तर आणखी निराळी. भरतीला खाडीच्या पोटात जेवढं पाणी शिरतं तेवढं सुकतीला बाहेर पडतं, आणि बाहेर पडताना तोंडावरची रेती धुऊन नेतं. आपले जुने तांडेल हे पुस्तकाशिवाय जाणतात. पावसात नदीला पूर आला की तोंड खोल होतं, मार्च-एप्रिलला उथळ. आता विचार करा, खाडीच्या आतल्या अंगाला चिखलवटी भरल्या, मॅंग्रोव्ह तोडून मातीचा भराव टाकला, तर खाडीचं पोटच लहान झालं. भरतीला कमी पाणी आत येणार, सुकतीला कमी जोरानं बाहेर जाणार, आणि तोंडावरची रेती तिथेच बसणार. म्हणजे भराव आत कुठेतरी चार किलोमीटरवर, आणि होडी आपटते ती तोंडावर. इंजिनिअरिंगच्या पुस्तकात या पोटातल्या पाण्याला वेगळं नाव आहे आणि ते मोजायचं गणितही आहे. पण तो भराव थांबवायचा कसा, ते त्या पुस्तकात नाही. ते दुसऱ्या पुस्तकात आहे, किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेत, ज्याला आपण सीआरझेड म्हणतो. २०११ च्या अधिसूचनेत गोव्यासाठी वेगळा भाग आहे. त्यात खाजन जमिनींचे नकाशे करा, तिथले मॅंग्रोव्ह जपा आणि खाजनात विकासाची बांधकामं होऊ देऊ नका असं लिहिलेलं आहे. म्हणजे आपल्या होडीच्या वाटेचा उपाय कायद्यात आहे आणि कारण गणितात आहे. दोन्ही एका डोक्यात असलेला माणूस आपल्याकडे नाही.

आपल्या तोंडाचा अनुभव सभासदांना नव्यानं सांगायची गरज नाही. ड्रेजर येतो, रेती उपसतो, जवळच टाकतो, पावसाळा जातो, रेती परत येते. एका कार्यालयात विचारलं तर म्हणतात, डिझाईन आमचं नाही, आम्ही फक्त काम करून घेतो. डिझाईनवाल्यांकडे गेलो तर म्हणतात, मंजुरी वरून आली, आम्हाला जेवढी जागा दिली तेवढ्यात बसवलं. मंजुरीवाले म्हणतात, तांत्रिक अहवाल अनुकूल होता. तिघंही आपापल्या जागी खरं बोलतात! तिघांना एका टेबलावर बसवून "तुमच्या पान अमुकवरचा आकडा यांच्या पान तमुकशी जुळत नाही" असं सांगणारं आपल्या बाजूनं कोणी नसतं. आम्ही सोसायटीतर्फे अर्ज देतो, शिक्का मारून घेतो, फाईलला लावतो. कपाट भरलं आहे अर्जांनी.

एका बैठकीनंतर आमचे एक जुने तांडेल जिना उतरताना म्हणाले, "दर्या वाचूक येता रे, पण ह्येंचो कागद काय वाचूक येना नाय." यापेक्षा नेमकं आम्हाला लिहिता येणार नाही.

कागदाचंच आता पाहू. पहिली सीआरझेड अधिसूचना १९ फेब्रुवारी १९९१ ची. दुसरी ६ जानेवारी २०११ ची. तिसरी १८ जानेवारी २०१९ ची. २०११ च्या अधिसूचनेप्रमाणे गोव्याचा किनारा व्यवस्थापन आराखडा मंजूर झाला सप्टेंबर २०२२ मध्ये. अकरा वर्षं! तोवर २०१९ ची येऊनही बसली होती. दोन्हींत फरक काय? गावाकडच्या किनाऱ्यावर २०११ मध्ये भरतीरेषेपासून २०० मीटर बांधकामबंदी होती, मात्र १०० ते २०० मीटरच्या पट्ट्यात मच्छीमारांसारख्या पारंपरिक किनारी समाजाच्या घरांना वाट ठेवली होती. २०१९ मध्ये ज्या गावांची लोकसंख्या दर चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा जास्त, तिथे ही बंदी ५० मीटरवर आणली. ऐकायला बरं वाटतं, आपलं घर दुरुस्त होईल. पण त्याच मोकळ्या झालेल्या पट्ट्यात आपल्याआधी कोण पैसा घेऊन उभं राहील? याच्यावर आपल्यात दोन मतं आहेत आणि असू देत. मुद्दा असा की या आकड्यांवर आपण जनसुनावणीत भांडतो तेव्हा आपल्यातल्या दहाजणांनीसुद्धा मूळ कागद वाचलेला नसतो.

२०११ च्या गोव्याच्या भागात आणखी एक कलम आहे ज्याची आम्ही स्वतः झेरॉक्स काढून ऑफिसात लावली आहे. सरकारनं मासेमारी गावं अधिसूचित करावीत, आणि त्या गावांत मासळी प्रक्रियेची जागा, होड्या बांधायची-दुरुस्त करायची जागा, जाळी विणायची जागा, बर्फाचा कारखाना, लिलावाची शेड, जेटी यांना ग्रामपंचायत परवानगी देऊ शकते. ग्रामपंचायत! म्हणजे ज्या कामांसाठी आपण पणजीच्या फेऱ्या मारतो त्यातली काही पंचायतीच्या दारात येऊ शकतात. पण त्यासाठी गाव आधी कागदावर मासेमारी गाव म्हणून दिसलं पाहिजे.

दिसण्यावरून नकाशाची गोष्ट. मोठा आराखडा १:२५,००० या प्रमाणात असतो. म्हणजे कागदावरचा एक सेंटीमीटर म्हणजे जमिनीवरचे २५० मीटर. आपल्या बायकांची मासळी सुकवायची ३० मीटरची जागा त्या नकाशावर जेमतेम एक मिलिमीटर होते. मुंगी बसली तर झाकून जाते. म्हणूनच अधिसूचनेत म्हटलंय की गावपातळीचे मोठे नकाशे, १:३,९६० किंवा त्याच्या जवळच्या प्रमाणाचे करावेत, आणि मच्छीमार गावं, त्यांच्या सामाईक जागा, जेटी, बर्फ कारखाने, मासळी सुकवायच्या जागा सर्व्हे नकाशावर दाखवाव्यात. मच्छीमारांच्या पुढच्या काळातल्या घरांची योजनाही त्यात करायला सांगितली आहे. २०२१ च्या जनसुनावणीच्या वेळी किती गावांनी "आमची जागा नकाशात नाही" म्हणून आरडाओरडा केला ते आठवा. ओरडलो, बरोबर केलं. पण सुनावणीत ओरडणं वेगळं आणि आधीच आपला नकाशा आपण मोजून, अक्षांश-रेखांशासह, जाऊन देणं वेगळं. दुसरं काम करायला साधं सर्व्हेचं शिक्षण आणि कलम कुठलं लावायचं याची माहिती, दोन्ही लागतं.

याला कोणी म्हणेल, वकील लावू. लावतो ना. वास्कोच्या होडीमालकांच्या सहकारी सोसायटीनं २०१६ मध्ये मुरगाव बंदराच्या खोलीकरणाविरुद्ध हरित लवादापर्यंत धाव घेतली आणि त्या कामाची पर्यावरण मंजुरी रद्द झाली. जनसुनावणी न घेता मंजुरी दिल्याचा मुद्दा तिथे मोठा ठरला. आपल्यासारखीच सोसायटी, आपल्यासारखेच होडीवाले. म्हणजे कागद नीट धरला तर वजन पडतं. पण वकिलाला मुद्दे आपण पुरवावे लागतात. समोरच्या बाजूला हजार पानांचा अहवाल, लाटांचे तक्ते, गाळाचे नमुने, कॉम्प्युटर मॉडेल. नियमाप्रमाणे स्थानिक भाषेत मिळतो तो फक्त सारांश. बाकी सगळं इंग्रजीत, आणि हरकती द्यायला सुनावणीच्या नोटिशीपासून मिळतात कमीत कमी ३० दिवस. त्या ३० दिवसांत मासळीही पकडायची असते.

आणि हे फक्त जागेचं आणि घराचं नाही. केरळात तिरुवनंतपुरमजवळ मुतलपोळी आहे. मासेमारी बंदरासाठीच, म्हणजे मच्छीमारांच्या सोयीसाठीच, तिथे नदीच्या तोंडाला दोन दगडी बांध घातले. तोंडावर रेती साठते, तिच्यावर लाटा उंच फुटतात आणि होड्या उलटतात. कितीतरी मच्छीमार तिथे गेले. जुलै २०२३ मध्ये एकाच होडीवरचे चौघे गेले. बांध घाला म्हणून मागणी करणं सोपं आहे, आपणही करतो, प्रत्येक निवडणुकीला करतो. कुठल्या कोनात, किती लांब, पुढे तीस वर्षं उपसणार कोण आणि त्याचे पैसे कोण भरणार, हे विचारल्याशिवाय मागणी केली तर काय होतं ते मुतलपोळीत दिसतं. उलट कारवारात जानेवारी २०२० मध्ये मच्छीमार बंदराच्या नव्या बांधाविरुद्ध रस्त्यावर उतरले, कारण टागोर बीचचा उरलेला किनारा, जिथे त्यांच्या होड्या लागतात, तो जाईल ही भीती. एकीकडे बांध हवा म्हणून, एकीकडे नको म्हणून. दोन्हीकडे मच्छीमारांच्या बाजूनं आकडे मांडणारे मच्छीमारांच्या घरातले लोक हवेत.

मासेमारी बंदरांचे सर्व्हे आणि आराखडे करणारी केंद्र सरकारची संस्था, मच्छीमारीसाठी किनारा अभियांत्रिकीची म्हणून १९६८ मध्ये निघालेली, ती कुठे आहे सांगा. बंगळूरला. समुद्र नसलेल्या शहरात! आणि बंदरांच्या छोट्या प्रतिकृती करून त्यांच्यावर लाटा सोडून बघणारी जुनी संस्था, १९१६ ची, पुण्याजवळ खडकवासल्याला आहे, धरणाच्या पायथ्याशी. आम्ही थट्टा करत नाही, तिथे विद्वान माणसं आहेत आणि त्यांचं काम मोठं आहे. पण त्या टेबलावर कधीतरी असा इंजिनिअर बसावा की ज्यानं लहानपणी बापासोबत पहाटे चारला तोंडातून होडी बाहेर काढली आहे. त्याला प्रतिकृतीत काय चुकतंय ते एका नजरेत दिसेल, आणि ते आकड्यात मांडताही येईल.

बरं, शिकायचं कसं? आयआयटीत बी.टेक. आणि एम.टेक. जोडून पाच वर्षांत करायची ड्युअल डिग्रीची पद्धत जुनी आहे, आणि मद्रास, खरगपूरच्या आयआयटीत ओशन इंजिनिअरिंगचे वेगळे विभाग आहेत. तिथे जायला जेईईचा डोंगर चढावा लागतो, सगळ्यांना जमणार नाही, पण कोणालाच जमणार नाही असं आधीच का धरायचं? दुसरी वाट जवळची : फर्मागुडीच्या गोवा इंजिनिअरिंग कॉलेजात किंवा दुसरीकडे सिव्हिल, आणि मग एम.टेक.ला सुरतकलच्या एनआयटीत, जिथे जलसंपदा आणि ओशन इंजिनिअरिंगचा विभाग समुद्राच्या काठावरच आहे. धोरणाचा भाग त्यावर चढवायचा. कोणी सिव्हिलनंतर तीन वर्षांचं एलएल.बी. करेल, कोणी सार्वजनिक धोरणाची मास्टर्स. परदेशात, विशेषतः अमेरिकेत, बॅचलर्स करतानाच मास्टर्सचे काही विषय घेऊन सगळं पाच वर्षांत संपवायची सोय बऱ्याच विद्यापीठांत असते. तिथल्या अटलांटिक किनाऱ्यावरच्या डेलावेअर विद्यापीठात किनारा अभियांत्रिकीचं संशोधन केंद्र आणि सागरी धोरणाची मास्टर्स पदवी, दोन्ही आहेत. तो खर्च सोसायटीच्या आवाक्यातला नाही, हे स्पष्ट सांगतो. पण वाट आहे हे मुलांना कळू द्या, शिष्यवृत्त्या असतात.

आमचं मत विचाराल तर आधी इंजिनिअरिंग, मग कायदा-धोरण. कारण साधं आहे. कायद्याचा दरवाजा कुठल्याही पदवीनंतर उघडा असतो. इंजिनिअरिंगचा दरवाजा बारावीच्या गणितावर बंद होतो. आपल्या वाड्यातली हुशार पोरं दहावीनंतर "गणित नको बाबा" म्हणून सोडतात आणि सतराव्या वर्षी अर्धी वाट स्वतःच बुजवतात. पालकांनो, याकडे लक्ष द्या. ज्यांनी आर्ट्स-कॉमर्स घेतलंय त्यांनीही निराश होऊ नये, बारावीनंतर पाच वर्षांचं बी.ए. एलएल.बी. मिरामारच्या साळगावकर लॉ कॉलेजात होतं. त्यांनी तिकडून सुरुवात करावी. पण एकाच विद्यार्थ्याला मदत करायची तर आम्ही गणितवाल्याला आधी करू.

किंवा गणितवालीला. गेली काही वर्षं आपल्या सत्कारात मुलींच्या पाकिटांची रांग मुलग्यांपेक्षा लांब असते हे फोटोतच दिसतं. मासळी सुकवायची जागा, बाजारातली बसायची जागा, हे तर त्यांच्या आयांचे प्रश्न आहेत. "मुलगी लग्न होऊन जाणार, मग सोसायटीला काय फायदा?" हा सूर ग्रुपवर एकानं लावला. जावई मिळणार तोही कुठल्यातरी किनाऱ्यावरचाच असायची शक्यता जास्त, एवढंच उत्तर देतो.

बाकीच्या हरकतींकडे येऊ.

"शिकला की गाव सोडून जाईल." जाऊ शकतो. बॉण्ड लिहून घ्या असं काहींचं म्हणणं आहे. आम्ही त्याच्या विरुद्ध आहोत. बॉण्डनं माणूस अडकतो, मन अडकत नाही, आणि वसुलीसाठी आपल्याच पोराच्या मागे लागायचं ही सोसायटीला शोभणारी गोष्ट नाही. त्याऐवजी शिकतानाच काम द्यावं. दर मे महिन्याच्या सुट्टीत गावात यायचं, नदीच्या तोंडाची खोली ठरलेल्या जागी मोजायची, तांडेलांना सोबत घेऊन, आणि वहीत लिहायची. पाच वर्षांत पाच मोजमापं होतील. असा हिशेब आज आपल्या तोंडाबद्दल सोसायटीकडे नाही. शिवाय जो काही सरकारी अहवाल त्या वर्षी येईल त्याचा मराठीत चार पानांचा सारांश सभासदांसाठी करायचा. पुढे तो चेन्नईला नोकरीला गेला तरी ही वही इथेच राहील.

"आधीच होडीवर माणसं मिळत नाहीत, आणि तुम्ही पोरांना शिकायला पाठवता." दादा, आपल्या ट्रॉलरवर आज ओडिशाचे, झारखंडचे खलाशी आहेत. आपली पोरं कधीच उतरली आहेत होडीवरून. कोणी हॉटेलात, कोणी टॅक्सीवर, कोणी बोटीवर. त्यातला एक इंजिनिअरिंगला गेला तर जाळी कोण ओढणार हा प्रश्न नव्यानं पडत नाही.

"एकालाच का? दहाजणांना थोडं थोडं द्या." हीच खरी हरकत आहे, आणि ती घेणाऱ्यांच्या घरातही पोरं शिकतायत, त्यांचा राग आम्ही समजतो. पण थोडं थोडं देऊन सिव्हिलची चार वर्षं आणि वर मास्टर्स कोणाचीच होत नाहीत. आपल्यातला पोरगा पहिल्या वर्षी हॉस्टेलची फी भरतो, दुसऱ्या वर्षी बापाचं इंजिन बिघडतं, तिसऱ्या वर्षी तो घरी येतो. हे आपण पाहिलेलं आहे. रापण ओढताना दोर सगळ्यांनी एका बाजूला धरला तरच जाळं किनाऱ्याला येतं, आणि मासळीचा वाटा नंतर सगळ्यांना होतोच.

निवडीबद्दल शंका असणार, ती रास्त आहे. म्हणून ठरावाच्या मसुद्यात आम्ही असं सुचवलं आहे : ज्या समिती सदस्याच्या घरातला अर्ज असेल त्यानं निवडीच्या बैठकीत बसायचं नाही. निवड समितीत एक शाळेतले गणिताचे सर किंवा बाई, एक जुने तांडेल आणि मासळी विकणाऱ्या बायकांपैकी एक, असे तिघं समितीबाहेरचे असावेत. अर्ज फक्त होडीमालकांच्याच नव्हे, खलाशाच्या आणि रापणीवर जाणाऱ्याच्या घरातूनही घ्यावा. निधीच्या तीन भागांपैकी दोन या कामाला, एक भाग नेहमीच्या सत्काराला. दरवर्षी निकाल पाहून पुढचा हप्ता. नापास झाला तर एक संधी, लगेच दोर तोडायचा नाही. योग्य अर्ज आला नाही तर त्या वर्षीची रक्कम जशीच्या तशी पुढे न्यायची, दुसरीकडे वळवायची नाही.

मसुद्यावर दुरुस्त्या लेखी द्या, सभेच्या आठ दिवस आधीपर्यंत ऑफिसात. व्हॉट्सॲपवरचा अंगठा दुरुस्ती म्हणून धरता येत नाही. सभा रविवारी सकाळी दहाला आहे, ओहोटी त्या दिवशी दुपारची, त्यामुळे होडी लावून यायला वेळ मिळेल. येताना मागच्या वर्षीचा अहवाल सोबत आणा, शिक्षण निधीचा हिशेब त्यात शेवटून तिसऱ्या पानावर आहे.

– सचिव, संचालक मंडळाच्या वतीनं